आरशाशिवाय कोरलेली तसबीर

तसबीर म्हणजे फोटो नव्हे, हे आता कुणाला सांगायचं आणि कशाला सांगायचं, असं मला होऊन जातं. नातवंडं खिशातून फोन काढतात, माझं तोंड त्यात धरतात, आणि मी "थांबा रे, पदर तरी नीट करू द्या" म्हणेपर्यंत मला चार वेळा काढून मोकळीही होतात. मग दाखवतात. मी बघते, बरं आहे म्हणते, चष्मा काढून ठेवते. आमच्या घरी एक चेहरा काढायला महिना-महिना लागायचा आणि तो चेहरा निघाला की माणसं हात धुऊन, पदरात धरून घरी न्यायची. हे त्यांना सांगितलं की म्हणतात, आजी, तेव्हा टाइम होता लोकांकडं. टाइम काय झाडाला लागत होता, बाबांनो! पण असो. वाद घालायचं त्राण आता नाही. जे आठवतं ते एकदा लिहून ठेवते आणि मोकळी होते.

गंगाखेडला आमचं घर गंगेच्या उताराला होतं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, ते वेगळं सांगायला नको. मूळचे आम्ही सोनार, पण आजोबांनी हैदराबादेत एका छापखान्यात तांब्याच्या पत्र्यावर चेहरे कोरायची विद्या उचलली आणि परत येताना दागिन्यांची हत्यारं विकून छापायचं यंत्र आणलं. त्यावरून आमच्या भावकीनं आजोबांना जन्मभर नावं ठेवली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेच काम पुढे करत होते. बाहेरच्या खोलीत ते यंत्र, दोन जाडजूड रूळ आणि त्यांना फिरवायला चरकासारखा दांडा. आतल्या अंगाला उजेडाशी आप्पांची बैठक, पुढं वाळूची उशी, तिच्यावर पत्रा, हातात पोलादी कलम. कलम पत्र्यातून जाताना बारीक कुरकुर आवाज यायचा. तो आवाज थांबला की माय चुलीपासून विचारायची, "काय झालं?" आप्पा म्हणायचे, "कान आला." म्हणजे चेहऱ्यातला कान आला. कानाला आप्पा फार घाबरत.

घराला कायम जवसाच्या तेलाचा वास. ते तेल कढवून, पेटवून, दाट करायचं आणि त्यात काजळ खलून शाई करायची. अंगणात ते कढायला लागलं की शेजारच्या बाया नाकाला पदर लावून दारं लोटून घेत. मायच्या अंगाला, आमच्या केसांना, पांघरुणांना, सगळ्याला तोच वास. स्वयंपाकाला करडईचं तेल आणि छाप्याला जवसाचं, दोन्ही मडकी मायनं दोन कोपऱ्यांत ठेवलेली. तरी एकदा अंबाडीच्या भाजीला छाप्याचं तेल पडलंच. आप्पांनी मुकाट्यानं भाकरी संपवली आणि म्हणाले, "भाजी बरी झालीया, वाळायला तेवढी उशीर लावील." माय हसता हसता रडकुंडीला आली. माझ्या आईबापाचं हसणं मला आठवतं ते एवढंच, म्हणून लिहिलं.

तसबिरीचा रिवाज तेव्हा घरंदाज लोकांत मोठा होता. माणूस गेलं की तेराव्याच्या आत आप्पांना बोलावणं यायचं. कॅमेऱ्यासमोर बसलेलं माणूस लाखात एक, मग गेलेल्याचा चेहरा आणायचा कुठून? तर घरातल्या जित्या माणसांतून. आप्पा सगळी भावकी ओसरीवर ओळीनं बसवायचे आणि विचारायचे, नाक कुणाचं? सगळे म्हणायचे, थोरल्या बहिणीचं. कपाळ? धाकट्या लेकाचं. मग त्या बहिणीला नाकापुरतं आणि लेकाला कपाळापुरतं बसवून कागदावर शिसपेन्सिलीनं आधी चित्र काढायचे. तिथं भांडणंसुद्धा लागत. एका घरी मेलेल्या सासूच्या हनुवटीवरून दोन जावा अशा कडाडल्या की आप्पा पेन्सिल खिशात घालून पाणी प्यायला उठले. चित्र पटलं की ते पत्र्यावर कोरायचं, छापायचं, आणि वर्षश्राद्धाला सोयऱ्याधायऱ्यांच्या घरी एकेक प्रत धाडायची. ज्याची तसबीर घराघरांत लागली तो माणूस खरा होऊन गेला, असं लोक मानत. गरिबाचं तसं नव्हतं. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यांची माणसं आमच्या ओट्याशी थांबून दोरीवर वाळत घातलेले चेहरे बघायची, "ह्यो कोन? ह्यो बी मेला का?" असं विचारायची आणि निघून जायची.

या कामात एक गोम होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पत्र्यावर जे डावीकडं कोरलं ते कागदावर उजवीकडं उमटतं. म्हणून पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. त्यासाठी आप्पांच्या पुढ्यात एक आरसा उभा असायचा. पेन्सिलीचं चित्र आरशासमोर ठेवायचं आणि आरशात दिसेल तसं कोरायचं, म्हणजे छापल्यावर कागदावर माणूस सुलटा येतो. तरुणपणी एकदा आप्पांनी घाईत आरसा न ठेवता एका देशमुखीणबाईंची तसबीर कोरली. छापून बघतात तर नथ उजव्या नाकपुडीत! देशमुखांच्या वाड्यावर हलकल्लोळ झाला, सगळ्या प्रती चुलीत गेल्या, आणि आजोबांनी तो पत्रा विळ्यानं खरडून आप्पांच्या समोर टाकला. तेव्हापासून आरसा पुसल्याशिवाय आप्पांनी कलमाला हात लावला नाही. आम्हा पोरांना त्या आरशात तोंड बघायची बंदी होती.

यंत्र फिरवायला उस्मानचाचा यायचे. आजोबांच्या वेळेपासूनचा माणूस, दंड हे असे, आणि बोलणं मात्र लोण्यासारखं मऊ. पत्र्याला शाई चोपडून ती मलमलीनं आणि शेवटी तळहातानं पुसून काढायची, कोरलेल्या रेघांत तेवढी ठेवायची, हे काम चाचाच करत. आप्पांना ते 'भाऊ' म्हणत, मायला 'भाभी', आणि मला 'कौसाबी'. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून, वर घोंगडीचा तुकडा घालून दांडा फिरवला की चाचा कागद एका कोपऱ्याला धरून हळूच उचलत आणि बोलायच्या आधी बघून घेत. त्यांच्या तोंडावरून आप्पांना कळायचं, कसं उतरलंय ते. सरकारी कचेऱ्यांना आणि शाळांना लागणारी हुजुरांची, म्हणजे निजामाची, तसबीरही आम्हीच छापत होतो. तो पत्रा आजोबांच्या काळचा, झिजून गेलेला. हुजूर वर्षागणिक धुक्यात जात चाललेत असं चाचा म्हणायचे आणि आप्पा त्यांना गप्प करायचे.

आता सोपानमामाचं. मायचा पाठचा भाऊ. लहानपणीच आईबाप गेले म्हणून आमच्याच घरी वाढला. भारी गोड गळ्याचा, भारी हट्टी. रांगायच्या वयात चुलीवरचं वरण अंगावर ओढून घेतलं होतं, त्याची डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत खूण राहिली होती. भाजलेल्या त्या खुणेवर दाढी उगवायची नाही. मी त्याला चिडवायची, मामा, तुझं अर्धं तोंड पोराचं न् अर्धं बाप्याचं. तो परभणीला शिकायला गेला आणि तिथं चळवळीतल्या पोरांत मिसळला. निजामाचं राज्य जाणार, आपण हिंदुस्थानात जाणार, असं कुजबुजत बोलायचे ते दिवस. पुढे कुजबुजणंही संपलं आणि जाळपोळ, मारहाण, माणसं गावं सोडून हद्दीपार पळणं असं सगळं सुरू झालं. मामानं कुठल्याशा नाक्यावर हल्ला केला म्हणे, आणि तो पसार झाला. कुठं आहे ते आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. माय रोज एक भाकरी जास्तीची थापायची आणि सांजच्याला गाईला घालायची.

एके दुपारी पोलिसांचा अमीन टांग्यातून आमच्या दारी उतरला. आमच्या गावचा नव्हे, बाहेरून याच कामावर आलेला. बरोबर दोन जवान. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, दोरीवरचे चेहरे बघत सावकाश पाणी प्याला. मग आप्पांना म्हणाला, "सोपान तुमचा मेव्हणा. आमच्यात त्याची सूरत कुणी देखली नाही. फोटो नाही, काही नाही. गालावर डाग आहे एवढंच लोक सांगतात. तुम्ही तर मेलेल्यांच्या तसबिरी बनवता, मग जित्याची बनवणं काय मुश्किल?" आप्पा म्हणाले, साहेब, लय वर्षं झाली बघून, आठवत न्हाई. अमीन हसला. "तो फिर ये हाथ किस काम के?" एवढंच म्हणाला आणि आप्पांच्या हातांकडं बघत राहिला. जवानानं लाठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.  तसबीर झाली की आधी बाजारातल्या चार ओळखीच्या लोकांना दाखवणार, त्यांनी हाच म्हणून सांगितलं तरच खरी मानणार, नाहीतर आप्पाही गेले आणि यंत्रही गेलं, असं बजावून तो उठला. एक जवान दाराशी बसवून गेला. कोरून होईपर्यंत तो हलला नाही.

मग आमच्या घरात जे दिवस गेले, ते दुश्मनाच्या घरीही जाऊ नयेत. आप्पांनी पेन्सिलीनं चित्र काढलं. काय सांगू, जिवंत मामा! ती भुवई, ते फताड्या नाकपुड्यांचं नाक, आणि गालावरची ती खूण, सुरकुतीसकट. मायनं ते चुलीपासूनच बघितलं आणि उठून आली. जवान दारात होता, तरी म्हणाली, "माझ्या भावाला कोरायलाव तुमी? फाशी द्यायला?" आप्पांनी मान वर केली नाही.  "माझ्या हातानं न्हाऊ घातलंय मी त्याला," म्हणाली, आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं आप्पांना हातानं वाढलं नाही. ताट उंबऱ्यावर सरकवायची आणि पाठ फिरवायची. आप्पा जेवत, हात धुवत आणि पुन्हा कलम धरत. कुरकुर आवाज दिवसभर चाले. मला बापाचा इतका राग येत होता की मी त्यांच्या खोलीकडे बघतही नव्हते. बघितलं असतं तर दिसलं असतं, की आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

छापायच्या दिवशी अमीन पुन्हा आला. उस्मानचाचांना बोलावून घेतलं. चाचांनी शाई चोपडली, मलमल फिरवली, तळहात फिरवला आणि पत्र्याकडं बघून त्यांचा हात मधेच थांबला. मला ते दिसलं. पत्र्यावर मामा सुलटा कोरलेला होता, म्हणजे कागदावर उलटा येणार होता. डाव्या गालावरचा डाग उजव्यावर, भांग उलटा, नाकाचा कल उलटा. इतक्या वर्षांच्या माणसाला ते एका नजरेत कळलं. चाचांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा जमिनीकडं बघत होते. अमीन खेकसला, "क्या हुआ?" चाचा म्हणाले, "कुछ नहीं जी, शाई जरा दाट हाय." आणि दांडा फिरवला. कागद उचलला, उजेडाला धरला. "कसं उतरलंय?" आप्पांनी विचारलं. "हुबेहूब, भाऊ," चाचा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही ते राहूनच गेलं.

बाजारातल्या लोकांनी तसबीर बघितली. हां, ह्योच त्यो, म्हणाले. माणसाला चेहरा ओळखू येतो, पण डाग कुठल्या गालावर हे विचारल्यावरच आठवायला लागतं, आणि तेव्हाही खात्री नसते. तुम्ही आपल्याच घरातल्या माणसाचा तीळ आठवून बघा. अमीन खूश झाला, गठ्ठाभर प्रती घेऊन गेला. तो गेल्यावर माय बाहेर आली. खाली राहिलेला एक कागद तिनं उचलला, बघितला आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गालावर गेला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. आप्पा तिच्याकडं बघत होते. त्या दिवशी मायनं तव्यावरची भाकरी थेट आप्पांच्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि चुलीकडं वळून पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. मला वाटलं, सुटलो. देवानं बुद्धी दिली आप्पांना आणि आपण सुटलो.

चावड्यांवर, मोटारीच्या अड्ड्यांवर, नाक्यांवर ती तसबीर लागली. मामा म्हणे दोन ठिकाणी शिपायांच्या समोरून गेला. त्यांनी त्याचा उजवा गाल बघितला, साफ होता, जाऊ दिलं. हे मागून कळलं. त्या वेळी कळलं ते भलतंच. चाचा कागद आणायला पाथरीला गेले होते, तिथून आले ते तसेच आमच्या ओट्यावर बसले. म्हणाले, पाथरीच्या बाजारात तसबिरीवरून माणूस धरला. मायच्या हातातलं सूप खाली पडलं. चाचा घाईनं म्हणाले, "वो नहीं, भाभी, वो नहीं! आपला सोपान नव्हं. कुणी धनगर हाय, पेडगावकडचा. मेंढरं विकायला आलता. उजव्या गालावर खूण हाय म्हनून धरला. मेंढ्यानं शिंग मारलेलं हाय, म्हनतोय बिचारा. कोन ऐकतंय!" माय दोन्ही हात जोडून म्हणाली, "देव पावला गं बाई."

ते शब्द बाहेर पडले आणि मग तिनं आप्पांचं तोंड बघितलं. मीही बघितलं. आप्पांनी कलम खाली ठेवलं होतं आणि ते स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. "मारायलेत का त्याला?" त्यांनी विचारलं. चाचांनी मान खाली घातली. म्हणजे मारायले होते.

मी आता ऐंशीच्या पुढं आहे आणि या गोष्टीचा विचार करकरून दमले आहे. लोकांना गोष्टीत एक शहाणा लागतो आणि एक दुष्ट. आमच्या घरात त्या दिवसांत तसं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पटका बांधला आणि निघाले. माय दारात आडवी झाली. "कुठं जायलाव?" "पाथरीला. सांगतो त्यास्नी, चूक माझी हाय, डाग पलीकडचा हाय, ह्यो त्यो न्हवं." माय म्हणाली, "मंग ते डावा गाल बघतील. सोपान अजून हद्दीच्या अलीकडंच आसल. अन् तुमाला काय सोडतील? आमी काय करायचं?" आप्पा म्हणाले, "त्या मानसाला बी बायको आसल." माय बाजूला झाली नाही. शेवटी आप्पाच तिला वळसा घालून गेले. दुपारी परत आले. विचारलं तर म्हणाले, "मोटार भरली हुती." दोन दिवसांनी पुन्हा पटका बांधला, पुन्हा गेले, पुन्हा आले. मोटार भरली होती. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. पुढं पुढं माय दारात आडवी व्हायचीही थांबली. आप्पा अड्ड्यावर जात, तिथल्या भिंतीवर आपण कोरलेली तसबीर बघत उभे राहत आणि घरी येत. त्यांचा वैरीसुद्धा त्यांना हसला नसता, इतके ते वाळले. मामा हद्दीपार पोचल्याचा निरोप आला, मायनं पुरण घातलं, तर आप्पांनी दोन घास खाल्ले आणि उठले. "आता तर जाऊन सांगता येतंय," मायच म्हणाली. आता मामाला धोका नव्हता, होता तो फक्त आप्पांना. त्या दिवशी आप्पांनी पटका हातात घेतला, बराच वेळ धरून बसले आणि खुंटीला टांगून ठेवला. गेले नाहीत.

मग हिंदुस्थानच्या फौजा आल्या, थोड्या दिवसांत निजामाचं राज्य गेलं. पेढे वाटले, झेंडे लागले. आणि उस्मानचाचा कितीतरी दिवस घराबाहेर पडले नाहीत, कारण तेव्हा त्यांच्या लोकांना भ्यायची पाळी आली. आप्पा रोज त्यांच्या घरी भाकरी घेऊन जात. तेवढ्या एका घरी ते गेले. सोपानमामा हार घालून परत आला. ती तसबीर बघून असा खूश झाला! "भाऊजी, आरशात बघितल्यावानी दिसायलोय!" म्हणाला. त्याला काय ठाऊक, आरशातच माणूस उलटा असतो. त्यानं ती काच लावून आमच्याच भिंतीवर टांगली. आप्पांनी त्याला त्या धनगराचं सांगितलं. मामा म्हणाला, "लढ्यात असं व्हायचंच, भाऊजी." मायचा भावावर इतका जीव, पण त्या दिवशी तिनं त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

आणि एका बाजारच्या दिवशी तो आला. ओट्याशी एक धनगर आणि त्याची बायको उभी. त्याच्या उजव्या गालावर शिंगाची मोठी खूण, उजवा हात कोपरापासून वाकडा, बोटं आत वळलेली. नाव बिरा, हे त्यानं सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. आप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार, कदाचित काठी घालणार, आणि खरं सांगते, घालावी असंच वाटलं. पण त्यानं डाव्या हातानं पटक्यातून एक घडी काढली, उलगडली. मामाचीच तसबीर, चावडीवरून सोडवून आणलेली, घड्यांवर फाटत आलेली.

"हे तुमीच काढलं म्हनं," बिरा म्हणाला. "तर हिची येक चांगली परत पायजे. जाड कागदावर. घरात लावायची हाय." बायको लाजून हसली. म्हणाली, "गावात समदे म्हनायलेत, धनगराच्या जल्मात कुनाची तसबीर निघाली का? ह्यांची निघाली. चावडीवर लागली. धाकलं पोरगं हुतं पोटात तवा, त्यानं बापाला बघितलं न्हवतं, तर मी त्याला हेच दावायची. बघ, तुजा बाप."

आप्पांनी खाली बसून घेतलं.  त्या वेळी मी मनात म्हटलं, द्या हो आप्पा, द्या एक प्रत आणि गप्प बसा, काय जातंय आपलं. पण आप्पा इतक्या दिवसांचं आत धरून बसले होते, ते त्यांना आता धरवेना. "बिरा," ते म्हणाले, "ही तू न्हाईस. ही दुसऱ्याचीच हाय. त्याचा डाग डाव्या गालावर, मी मुद्दाम उलटा कोरला, त्यानं सुटावं म्हनून. तुजी तसबीर कुनी काढलीच न्हाई."

बिरानं कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. बायकोच्या तोंडासमोर धरून तिच्याकडं बघितलं.  मग तो म्हणाला, "मंग मी मार कुनाचा खाल्ला?"

 माय आतून बाहेर आली, डोक्यावर पदर नाही, हात पिठाचे, आणि म्हणाली, "माझ्या भावाचा, दादा."

बिराची बायको बोलली. ओरडली नाही, रडली नाही. दमलेलं माणूस बोलतं तसं हळू बोलली. "मेंढरं गेली. ह्यांचा हात गेला. अन् तसबीर बी दुसऱ्याचीच?"

आप्पा एकदम उठले. "बस, बिरा, आत्ता बस. मी तुजी काढतो. महिनाभर दुसरं काम करत न्हाई, लय झकास काढतो, बस इथं उजेडाला." त्यांनी आरसा ओढला, पेन्सिल शोधू लागले, पेन्सिल समोर होती आणि त्यांना दिसत नव्हती. बिरा त्यांची धांदल बघत उभा राहिला. मग त्यानं त्या कागदाची जुन्याच घड्यांवर घडी घातली, एका हातानं, मांडीवर दाबत दाबत, आणि ती पटक्यात खोवली.

"नगं," तो म्हणाला. "हिच्यापायी हात गेला माजा. आता ही माजीच. तुमी तुमच्या पाव्हन्याची दुसरी काढा."

आणि बायकोला घेऊन बाजाराकडं निघून गेला. आप्पा पेन्सिल हातात धरून उभेच होते. मायनं आत जाऊन भिंतीवरची काच उतरवली, मामाची तसबीर बाहेर काढली आणि चुलीत घातली. मामा संध्याकाळी आला, रिकामी खुंटी बघून म्हणाला, अक्का, माझी तसबीर कुठाय? माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुजी नव्हती ती," म्हणाली. "ज्याची हुती, त्यो घेऊन गेला."